जावा थंड असताना मस्त, तापली की स्लो वाढतो आणि दम सोडते. ग्रुप राईडला न्यावी का?

धूरसम्राट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज लिहायची वेळ आली. माझ्याकडे जावा २५० आहे, ३५३ मॉडेल, दोन सायलेन्सरवाली टूस्ट्रोक, म्हणजे ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं अशी. आली तेव्हा गाडी नव्हती, खोकी होती, इंजिनचं सामान एकात, गिअरचं दुसऱ्यात आणि अर्धे नटबोल्ट कुठल्यातरी भलत्याच गाडीचे. मित्रांच्या मदतीने सवडीने उभी केली. सिलेंडर रिबोर, नवा पिस्टन, रिंगा, क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, सीबी पॉईंट (स्पार्क पाडणारे कॉन्टॅक्ट), कंडेन्सर, सगळी वायरिंग नवी. क्रँकचे ऑईल सील खोक्यातच मिळाले, अगदी कागदात गुंडाळलेले कोरे, तेच बसवले. कार्बोरेटर मूळचा जिकॉव्ह, नीट साफ करून लावलाय.

आता प्रॉब्लेम असा की सकाळी थंड असताना पहिल्या दुसऱ्या किकला चालू होते, आवाज इतका गोड की शेजारचे बाहेर येऊन बघतात. दहा-बारा किलोमीटर काही तक्रार नाही. मग सिग्नलला थांबलो की स्लो आपोआप वर चढलेला असतो, एक्सिलेटर पूर्ण सोडलाय तरी इंजिन रेस होतंय आणि खाली यायला वेळ घेतंय. तसाच पुढे गेलो आणि चढ लागला की टिकटिक आवाज आणि मग कोणीतरी मागून गाडी धरल्यासारखी ओढ जाते. लगेच क्लच दाबून बाजूला घेतो. वीस मिनिटं थांबलं की परत काहीच झालं नाही अशी चालू.

पुढच्या महिन्यात आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपची राईड आहे, बाकी बहुतेक फोरस्ट्रोक, बीएसए, बुलेट, एक साईडव्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलेंडरच्या बाजूला असलेलं जुनं इंजिन) पण आहे. दिवसभराची राईड, मध्ये घाट. एक मित्र म्हणतो पेट्रोलमध्ये ऑईल वाढव, सध्या २५ ला १ टाकतोय. दुसरा म्हणतो कॉईल बदल. तिसऱ्याचं म्हणणं आधी रंग दे, सगळ्यांच्या गाड्या चकाचक आणि तुझी टाकी बघवत नाही. मी मधल्या मध्ये. काय करू?

तेलकट_हात

आधी ऑईल वाढवणाऱ्या मित्राला हात जोड. ऑईल वाढवलं की जेटमधून (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे मिक्श्चर उलट लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि तुझी गाडी आधीच लीन चाललीय असं तुझ्याच वर्णनावरून वाटतंय. २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली, या इंजिनला ते पुरेसं आहे, मापून टाक आणि तिथेच सोड.

आता सांग, प्लग काढून बघितलास का, कुठल्या रंगाचा आहे? टाकीच्या झाकणाचं भोक उघडं आहे का? पेट्रोल कॉकमधून धार कशी येते? आणि ते "कोरे" सील किती जुने होते? कारण खोकी जर गाडीइतकीच जुनी असतील तर ते कोरे असले तरी रबर आहे बाबा, वापरलं नाही म्हणून म्हातारं होत नाही असं नसतं.

किकबॅक

मला हे इलेक्ट्रिकल वाटतंय. तापली की बंद आणि थंड झाली की चालू, हे कंडेन्सर आणि कॉईलचं ठरलेलं लक्षण. माझ्या बीएसएच्या मॅग्नेटोने (बॅटरीशिवाय स्पार्क देणारं यंत्र) असाच छळ मांडला होता. त्यात कंडेन्सर आर्मेचरच्या पोटातच असतो, गरम झाला की गळपटतो, बाहेरून काही दिसत नाही, लोक कार्बोरेटर उघडून उघडून दमतात. जावाला ६ व्होल्टची बॅटरी आहे, ती जरा जरी उतरलेली असेल तरी स्पार्क मरतो. नवा कंडेन्सर टाकलाय म्हणतोस पण हल्लीचे नवे कंडेन्सर डब्यातून काढतानाच गेलेले असतात, कुणावर भरवसा ठेवायचा. दुसरा लावून बघ, पाच मिनिटाचं काम.

साईडव्हॉल्व्ह

किकबॅकराव, कंडेन्सर लावून बघायला हरकत नाही, पण स्पार्क गेला तर इंजिन मरतं, फटफटतं, मिसफायर होतं, सायलेन्सरमधून फटाके फुटतात. स्लो वर चढत नाही. एक्सिलेटर सोडूनही इंजिन रेस होत राहतंय याचा अर्थ कुठूनतरी फुकटची हवा आत जातेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. आणि त्यानंतर चढावर टिकटिक करून ओढ जाणं म्हणजे पिस्टन पकडायला लागलाय (तापून फुगतो आणि सिलेंडरला घट्ट बसतो). क्लच दाबतोस म्हणून वाचतोयस. एकदा दाबायला उशीर झाला की रिबोरचे पैसे परत. त्यामुळे कारण सापडेपर्यंत गाडी घराच्या आसपासच फिरव.

प्लगचा रंग बघायची पण पद्धत आहे. रमतगमत घरी येऊन, गाडी स्लोवर ठेवून मग प्लग काढला तर तो खोटं बोलतो. नवा प्लग लाव, गाडी तापव, मोकळ्या रस्त्यावर अर्ध्याच्या वर एक्सिलेटर ठेवून थोडं अंतर जा आणि तिथेच एकदम क्लच दाबून चावी बंद, गाडी घरंगळत बाजूला. मग प्लग काढ. चॉकलेटी असेल तर ठीक, पांढरा फटक असेल तर लीन. फक्त ओढ जायच्या आत हे उरकायचं.

रंगाचं नंतर बोलू, मला त्यावर बरंच बोलायचंय.

धूरसम्राट

सगळ्यांचे आभार. जमेल तेवढं करून बघितलं. साईडव्हॉल्व्ह काकांनी सांगितलं तसंच प्लग काढला, पांढरा, टोकाला बारीक चंदेरी ठिपके पण आहेत. टाकीचं झाकण ढिलं ठेवून चालवली, काही फरक नाही. कंडेन्सर पण बदलला (किकबॅक दादा, तुमच्या समाधानासाठी), तेच. पेट्रोलचा पाईप बाटलीत सोडला तर मिनिटात पाव लिटरच्या वर आलं. ते पुरेसं का?

सील किती जुने ते माहीत नाही, कागद पिवळा पडलेला होता.

तेलकट_हात

भरपूर आहे. हिशोब बघ, ताशी ६० च्या वेगाने लिटरला २५ किलोमीटर धरलं तर तासाला २.४ लिटर, म्हणजे मिनिटाला ४० मिली. घाटात दुप्पट धर. तुझा कॉक त्याच्या कितीतरी पट देतोय. म्हणजे झाकण, कॉक आणि कंडेन्सर यांच्यावरचा संशय गेला.

ते चंदेरी ठिपके मात्र चांगले नाहीत, तो पिस्टनचा अ‍ॅल्युमिनियम आहे. गाडी आता चालवूच नकोस. दोन्ही बाजूंचे सायलेन्सर पाईप काढ आणि टॉर्च मारून पोर्टमधून पिस्टन बघ. या इंजिनला एका सिलेंडरला दोन एक्झॉस्ट पोर्ट आहेत त्याचा हा फायदा, हेड न उघडता पिस्टनच्या दोन्ही खांद्यांवरच्या रेघा दिसतात.

आता मुद्द्याचं. टूस्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे नुसता डबा नाही, तो पंप आहे. पिस्टन वर गेला की मिक्श्चर आत ओढतो, खाली आला की दाबून वर पाठवतो. क्रँकच्या दोन टोकांना जे सील आहेत ते या पंपाचे वायसर समज. क्लचच्या बाजूचा गेला तर तिकडचं ऑईल आत खेचलं जातं, पांढरा धूर धूर होतो आणि गिअर ऑईलची लेव्हल उतरत जाते. डायनॅमोच्या बाजूचा गेला तर तिकडे कोरडं आहे, नुसती हवा आत जाते, धूर नाही काही नाही, गाडी गुपचूप लीन होते. थंड असताना चालून जातं. तुझी सगळी लक्षणं तिकडे बोट दाखवतायत. पण अंदाजावर इंजिन उघडायचं नाही, प्रेशर टेस्ट कर.

काही लोक चालू इंजिनवर कार्ब क्लीनर मारून स्लो बदलतो का बघतात. कार्बोरेटरच्या फ्लँजला एकवेळ ठीक, पण डायनॅमोच्या बाजूला चुकूनही नको, तिथे ब्रश आणि पॉईंट ठिणग्या टाकत असतात आणि वर पेट्रोलची टाकी.

टेस्ट अशी. दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट रबराचा तुकडा आणि पट्टी लावून घट्ट बंद. एक विसरलास तर संध्याकाळपर्यंत हवा भरत बसशील. कार्बोरेटर काढून तिथे रबरी बूच. पिस्टन खाली, म्हणजे सिलेंडर आणि क्रँककेस आतून एक होतात. मग जुन्या प्लगचा चिनीमातीचा भाग फोडून काढ आणि नुसत्या लोखंडी कवचात नळी चिकटव. हवा भरायला जुन्या बीपीच्या मशीनचा फुगा आणि काटा वापर, त्याच्यापेक्षा सोयीचं काही नाही. काटा ३०० पर्यंत असतो आणि ३०० म्हणजे साधारण ०.४ बार, आपल्याला तेवढंच हवंय. २५० ते ३०० पर्यंत भर आणि बघ. चांगलं इंजिन काही मिनिटं धरून ठेवतं, काटा अगदी हळू उतरतो. झर्रकन पडला तर साबणाचं पाणी घेऊन फिर, सिलेंडरच्या खालचं पॅकिंग, क्रँककेसचा जोड, हेड, डायनॅमो काढून तिथला सील. क्लच बाजूचा सील दिसणार नाही, त्यासाठी ऑईल भरायच्या भोकाला एक नळी लावून कानाशी धर, सुस्स ऐकू येतं. ३०० च्या वर भरू नकोस, चांगला सील पण उलटायचा.

आणि हे होईपर्यंत जेटला हात लावायचा नाही. मोठा जेट टाकून लीक झाकणारे बरेच भेटतील, मग थंड असताना प्लग काळा आणि गरम झाल्यावर पांढरा अशी दोन्हीकडून मार खाणारी गाडी तयार होते.

साईडव्हॉल्व्ह

बरोब्बर. आता रंग.

रंग सगळ्यात शेवटी. आधी इंजिन, मग ब्रेक, मग टायर, मग वायरिंग, मग हजारएक किलोमीटर आणि मग वाटलंच तर रंग. या काळात इंजिन अजून दोनदा तरी खाली उतरणार, पाना सटकणार, पेट्रोल सांडणार, नव्या रंगावर पहिला ओरखडा पडला की माणसाचं जेवण जात नाही. दुसरं म्हणजे तुझ्या टाकीवर मूळचा रंग आणि रेघा जर थोड्याफार शाबूत असतील तर मी हातच लावणार नाही. नवा रंग कधीही देता येतो, कारखान्यातला रंग एकदा घासून काढला की गेला. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची जी फिवा नावाची संघटना आहे तिची व्याख्या पण गाडी किमान ३० वर्षं जुनी आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य अवस्थेत जपलेली असावी असं म्हणते, चकाचक हवी असं कुठे नाही. मऊ कापडाने वॅक्स मार, गंज पुढे सरकणार नाही आणि झालं. इंग्लंडात १९३० पासून पायोनियर रन भरते, १९१४ पर्यंत बनलेल्या मोटरसायकली लंडनजवळच्या एप्सम डाऊन्सहून ब्रायटनच्या दिशेने जातात, त्यातल्या किती काळपट, तेल गाळणाऱ्या आणि ओरखड्यांनी भरलेल्या असतात, फोटो शोधून बघ. त्यांना कोणी रंगावरून नाकारत नाही. आणि शंभर टक्के चकाचक गाड्यांचे मालक राईडला येत नाहीत, ट्रेलरवरून येतात (इथे कोणाला लागलं असेल तर लागू दे).

टाकीच्या आतून बघ मात्र. आत गंज असेल तर तो आधी काढ. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने इलेक्ट्रोलिसिस कर, मायनस टाकीला, प्लस मध्ये लटकवलेल्या साध्या लोखंडाच्या सळईला. सळई टाकीला कुठेही टेकली नाही पाहिजे आणि स्टेनलेसची घ्यायची नाही, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. उघड्यावर कर, हायड्रोजन निघतो, तिथे सिगरेट नको.

चेनलिंक

आमच्या ग्रुपच्या राईड मी लावतो म्हणून राईडबद्दल दोन शब्द. गाडी बरी झाली तर ये, नाही झाली तर कोणाच्या मागे बसून ये, पण ये. अशा राईडला निम्मं शिक्षण रस्त्याच्या कडेला होतं, एक गाडी बंद पडते आणि पाच जण वाकून बघतात.

वेग सगळ्यात हळू गाडीचा. पुढचा आरसा बघत चालतो, प्रत्येकाने आपल्या मागचा दिसतोय एवढंच बघायचं, वळणावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. शेवटी एक अनुभवी माणूस टूलकिट घेऊन. अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवायचं कारण ड्रम ब्रेक, आणि प्रत्येकाचे ड्रम वेगवेगळ्या मूडमध्ये. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतो आणि पकडच राहत नाही, त्यामुळे फोरस्ट्रोकवाले खालच्या गिअरमध्ये इंजिनवर उतरतात.

आणि इथेच टूस्ट्रोकवाल्यांनी त्यांची नक्कल करायची नाही!! एक्सिलेटर बंद करून लांब उतार इंजिनवर उतरलास तर पेट्रोल नाही म्हणजे ऑईल पण नाही, आणि क्रँक मात्र गरगर फिरतोय. मधून मधून क्लच दाबून एक्सिलेटर देत जा. त्यामुळे तुझे ब्रेक बाकीच्यांपेक्षा चांगले हवेत. शू बघ, ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नकोस, जुन्या शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पूस आणि फडकं टाकून दे.

टायरची तारीख बघ. बाजूला चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४ चा २३ वा आठवडा. चारच्या ऐवजी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, नक्षी कितीही खोल असू दे, काढून टाक.

राईडला लोक हौसेने गाड्यांची अदलाबदल करतात. बीएसए किंवा जुन्या बुलेटवर बसलास तर आधी उभ्याने दोन मिनिटं सराव कर. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला आणि बुलेटचा पहिला वर बाकी खाली. घाईत ब्रेक मारायला गेलास तर गिअर पडतो. त्यांना तुझ्या गाडीवर बसवशील तर त्यांचीही तीच गत, शिवाय तुझा गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो, ते माहीत नसलं की माणूस किक शोधत गाडीभोवती फिरतो. गिअर दाबताना क्लच आपोआप सुटतो ते पण सांगून ठेव. नाहीतर पाय दांड्यावर तसाच ठेवून चालवतात आणि क्लच घसरत जळतो.

सोबत दोन प्लग, पॉईंट घासायची कानस, फीलर गेज, चेनचं लॉक, ट्यूब, वायरचा तुकडा. क्लचची दुसरी केबल डिकीत नको, जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून टेपने बांधून ठेव, तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. जावा बहुधा मागे ठेवतो आम्ही, कारण मागच्याला धूर. राग मानू नये.

किकबॅक

धूर मी खातो, त्याला माझ्या पुढे ठेवा. तसाही मी मध्येच तेल बघायला थांबणार. ड्राय संपची (इंजिनचं तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी) गाडी आठवडाभर उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपून खाली क्रँककेसमध्ये जाऊन बसतं, मग वर बघावं तर टाकी रिकामी. नवखे लोक वरून अजून ओततात आणि चालू केल्यावर ब्रीदरमधून (इंजिनची हवा बाहेर सोडणारी नळी) तेलाचा पाऊस. आधी चालू करायची, तेल परत वर येऊ द्यायचं, मग लेव्हल.

धूरसम्राट

रिपोर्ट. बीपीचा फुगा घरातच सापडला (आईने विचारलं कोणाचं बीपी वाढलंय, म्हटलं गाडीचं). २८० पर्यंत भरलं आणि हात काढेपर्यंत काटा ऐंशीला. साबणाचं पाणी घेऊन फिरलो, खालचं पॅकिंग कोरडं, जोड कोरडा, डायनॅमोच्या मागच्या सीलभोवती मात्र दाढी करायच्या फेसासारखा फेस. तेलकट दादा, बरोबर होतात. सील काढला, ओठ बोटाने वाकवला तर वाकलाच नाही, कड्कन तुटला. क्लच बाजूचा पण काढला, तोही तसलाच, अजून गळत नव्हता एवढंच.

पोर्टमधून पिस्टन बघितला, एका बाजूला बारीक उभ्या रेघा आहेत, नखाला लागत नाहीत. सिलेंडर काढायला लागेल का? आणि नवे सील घेताना काय बघू?

तेलकट_हात

नखाला लागत नाहीत तर चालेल, पण आता एवढं उघडलंच आहेस तर सिलेंडर उचलून रिंगा खाचेत मोकळ्या फिरतात का तेवढं बघ. चिकटलेली रिंग असेल तर बाकी सगळं व्यर्थ. वर बसवताना रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनांवरच आली पाहिजेत.

सील व्हायटॉनचा (एक खास रबर) मिळाला तर तो घे, उष्णता आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दोन्ही सोसतो. माप जुन्या सीलवर कोरलेलं असतं, आतला व्यास, बाहेरचा, जाडी. बसवताना स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे. बसवायच्या आधी क्रँकच्या दांड्यावर जुन्या सीलने खाच पाडलीय का ते नखाने बघ. खाच असेल तर नवा सील त्याच खाचेत बसेल आणि परत गळेल, मग एक-दीड मिलीमीटर आतबाहेर बसवता येतो का बघायचं, नाहीतर स्लीव्ह (दांड्यावर चढवायची पातळ नळी). दांड्याला थोडं ऑईल लावून सरकव, कोरडा ढकललास तर ओठ उलटतो.

जोडल्यावर परत प्रेशर टेस्ट, हे टाळायचं नाही. मग पॉईंटचा गॅप ०.४ मिलीमीटर, टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) परत सेट कर कारण डायनॅमो काढलायस. टायमिंग पुढे गेलं असेल तर तेही असंच तापवतं आणि आपण परत सीलला शिव्या देत बसू.

धूरसम्राट

नवे सील टाकले, दांड्यावर खाच नव्हती. टेस्टमध्ये काटा पाच मिनिटात २८० वरून २६० ला आला, बस. रिंगा मोकळ्या होत्या. काल तापवून तोच चढ तीनदा चढलो, टिकटिक नाही, सिग्नलला स्लो जिथल्या तिथे. उलट आता स्लो इतका खाली की स्क्रू थोडा आत घ्यावा लागला. प्लग चॉकलेटी. टाकी घासलेली नाही, वॅक्स मारलंय.

चेनलिंक दादा, माझं नाव लिहा.

चेनलिंक

लिहिलं. शेवटून तिसरा तू, मागे किकबॅक धूर खायला, त्याच्या मागे काका टूलकिट घेऊन. नव्या सीलवर पहिले दोन तास जास्त ताणू नकोस आणि ऑईलची बाटली मापासकट आण, पंपावर डोळ्यांच्या अंदाजाने ओतणारे आमच्यात दोघं आहेत, त्यांच्याकडून उसनं घेऊ नकोस.